जुन्या यंत्राचा वाटा

आमच्या वडूजला नवी वस्तू येते ती बहुधा थोडी जुनी होऊनच येते. चित्रपटांचे पूर्वी असेच होते. पुण्या-मुंबईत तो पोटभर चालला म्हणजे मग त्याची पेटी इकडे वळायची, आणि पुसेगावच्या यात्रेत तंबूमध्ये तो लागायचा तेव्हा पडद्यावर पावसाच्या सरींसारख्या रेघा उठलेल्या असायच्या. मोबाइल फोनही थोरल्या मुलाने नवा घेतला की त्याचा जुना वडिलांकडे, वडिलांचा आईकडे, असा पायरी पायरीने खाली उतरतो. यात वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही. नदीचे पाणीसुद्धा आधी वरच्या गावाला मिळते आणि मग खालच्या गावाला. तथापि खालच्या गावाला जे पाणी पोचते ते कोणत्या अवस्थेत पोचते, हा प्रश्न मात्र नुसता भूगोलाचा नाही, नीतीचाही आहे.

त्याच प्रश्नाचा विचार या दिवाळीला मी एका अगदी पोरकट वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने करणार आहे. ती वस्तू म्हणजे मुलांचा व्हिडिओ गेम. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे म्हणून पान उलटू नये, एवढी विनंती आहे. खेळ पोरांचा असला तरी त्यातला पेच थोरांचा आहे.

१९९० नंतरच्या दहा वर्षांत जी मुले वाढली त्यांना टीव्हीला जोडायचा तो खेळ आठवत असेल. एक चपटी पेटी, तिला वायरीने जोडलेले दोन रिमोट, आणि वर खोचायची रंगीत कॅसेट. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ असे मोठ्या दिमाखाने छापलेले असे. आत मात्र पाच-पंचवीस खेळच नाव आणि क्रम बदलून पुन्हा पुन्हा येत. चित्र अडकले की कॅसेट काढायची, तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. ती पेटी वस्तुतः जपानच्या निंटेंडो कंपनीने १९८३ साली काढलेल्या ‘फॅमिकॉम’ या यंत्राची नक्कल होती. त्या यंत्राची काम करण्याची स्मृती होती अवघी दोन किलोबाइट. म्हणजे या लेखाचे एक पानसुद्धा तिच्यात मावणार नाही. आमच्याकडची मुले तो खेळ खेळत होती तोवर जपान-अमेरिकेतली मुले दोन पायऱ्या पुढे गेली होती. पण आपण मागे आहोत हे इकडच्या मुलांना ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या आनंदात त्यामुळे काडीचीही उणीव नव्हती.

पुढे यंत्रे बदलत गेली. सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन-२’ २००० साली आले, ‘प्लेस्टेशन-३’ २००६ साली. नवे यंत्र निघाले की खेळ बनवणारे सारे त्याच्याकडे धावतात, हे उघड आहे. नव्या यंत्रात जागा मोठी, वेग मोठा, आणि नाव मिळवायचे तर ते तिथेच. परंतु घराघरांतली जुनी यंत्रे काही त्या दिवशी मरत नाहीत. ज्यांना नवे परवडत नाही, किंवा परवडत असूनही ज्यांचे जुने अजून चालते आहे, त्यांचे काय? त्यांच्यासाठी एक निराळाच धंदा उभा राहिला. नव्या यंत्रासाठी बनलेला खेळ घ्यायचा आणि तो जुन्या यंत्रावर चालेल असा करून द्यायचा. त्या व्यवसायातले लोक याला ‘पोर्ट करणे’ म्हणतात. मी आपला साधा शब्द वापरतो : उतरवणे. एका भांड्यातले दुसऱ्या भांड्यात उतरवावे तसे. फरक इतकाच, की दुसरे भांडे पहिल्याहून लहान असते आणि सांडू तर द्यायचे नसते.

हा उद्योग केवळ परदेशातच चालला असे नाही. मुंबईतल्या ‘ट्राइन गेम्स’ या स्टुडिओने २०१० साली गल्ली क्रिकेटचा एक खेळ काढला, ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’. प्लेस्टेशन-३ येऊन तेव्हा चार वर्षे होत आली होती. तरी हा खेळ निघाला तो प्लेस्टेशन-२ साठी. कारण सरळ होते. आपल्याकडच्या घरांत होते ते यंत्र तेच. पुढे २०११ च्या दिवाळीत ‘रा.वन’ हा चित्रपट आला, तेव्हा त्याच स्टुडिओने त्यावरचा खेळ प्लेस्टेशन-३ साठी काढला आणि प्लेस्टेशन-२ साठीही काढला. ‘डॉन-२’ या चित्रपटावरचा हैदराबादच्या ‘गेमशास्त्र’ स्टुडिओचा खेळ तर प्लेस्टेशन-२ वर २०१३ साली आला; आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला ते यंत्र बनवणेच सोनीने थांबवल्याचे जाहीर झाले होते. मावळतीच्या उन्हात पेरणी करावी तसला हा प्रकार! पुण्यात ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ आहे. तो २००८ साली ‘गेमलॉफ्ट’ या कंपनीकडून तिच्याकडे आला. ‘जस्ट डान्स’ नावाची नाचाच्या खेळांची जी मालिका ही कंपनी काढते, तिच्या घडणीत पॅरिसच्या बरोबरीने पुण्याचेही हात लागले आहेत. त्या मालिकेतला एक खेळ नोव्हेंबर २०१९ मध्ये निंटेंडोच्या ‘वी’ या यंत्रासाठीही निघाला. वी हे यंत्र २००६ सालचे. म्हणजे तेरा वर्षांच्या म्हाताऱ्या यंत्रालाही कोणीतरी नव्या नाचासाठी उठवून उभे केले.

आता जरा आकड्यांकडे पाहू, म्हणजे हे काम किती अवघड आहे ते ध्यानात येईल. प्लेस्टेशन-२ ची मुख्य स्मृती ३२ मेगाबाइट, तर प्लेस्टेशन-३ ची दोन भाग मिळून ५१२. सोळा खणांच्या वाड्यातला संसार एका खणात मांडायचा म्हटला तर काय काय करावे लागेल, याचा गृहिणींनी विचार करावा. काही वस्तू टाकाव्या लागतील, काही एकात एक बसवाव्या लागतील, काही माळ्यावर ठेवून लागतील तेव्हा काढाव्या लागतील. आणि हे सगळे करून, आलेल्या पाहुण्याला ‘हे त्याच माणसांचे घर आहे’ असे वाटले पाहिजे.

येथे पहिला प्रश्न उभा राहतो. हे काम करणारा कारागीर की हमाल? दुसऱ्याने रचलेले उचलायचे आणि दुसरीकडे नेऊन ठेवायचे, यात स्वतःचे असे काय आहे, असे पुष्कळांना वाटते. मूळ खेळ रचणाऱ्याचे नाव जगभर होते. उतरवणाऱ्याचे नाव शेवटच्या पाटीवर बारीक अक्षरात येते, आणि ती पाटी येण्यापूर्वीच मुले जेवायला उठून गेलेली असतात.

पण एक उदाहरण पाहा. १९९३ साली संगणकासाठी ‘डूम’ नावाचा एक खेळ निघाला आणि फार गाजला. रँडी लिंडेन नावाच्या एका कार्यक्रमकाराच्या मनात आले, की हा खेळ निंटेंडोच्या १९९० सालच्या यंत्रावर चालवून दाखवावा. मूळ खेळाची आतली लिखित आज्ञावली त्याच्या हाती नव्हती. तेव्हा त्याने खेळ पाहून, त्याची रचना समजून घेऊन, तो चालवणारी सगळी यंत्रणाच स्वतः नव्याने लिहिली. कॅसेटमध्येच एक जादा चिप बसवण्यात आली आणि १९९५ साली तो खेळ बाजारात आला. त्यात जमिनीवरची नक्षी गेली होती. जमीन सपाट एकरंगी झाली होती. चित्राची चौकट लहान झाली होती. मूळ खेळात राक्षस पाठमोरे, बाजूने असे सर्व अंगांनी दिसत. येथे ते नेहमी समोरूनच दिसत. पण अंधाऱ्या बोळातून धावताना छातीत जी धडधड होते, ती राहिली होती. काय सोडावे आणि काय सोडू नये हे त्या माणसाला कळले होते. हे कळणे हमालाचे नव्हे. हमालाला पेटी उघडावी लागत नाही. याला ती उघडून आतला एकेक जिन्नस पारखावा लागला.

याहून विलक्षण गोष्ट १९९९ सालची. ‘रेसिडेंट ईव्हिल-२’ नावाचा जपानी खेळ प्लेस्टेशनवर दोन सीड्यांमध्ये भरलेला होता. अमेरिकेतल्या ‘एंजल स्टुडिओज’ या छोट्या चमूने तो निंटेंडोच्या अशा एका कॅसेटमध्ये बसवला, की जिची जागा ६४ मेगाबाइट होती. दोन सीड्या मिळून हजार मेगाबाइटांच्या वर जातात, हे ध्यानात घेतले म्हणजे पेटीभर शालू अंगठीतून ओढून काढल्याच्या गोष्टी खोट्या वाटेनाशा होतात. तिथे तर त्यांनी बोलती चित्रेसुद्धा टाकली नाहीत. दाबून, पिळून, बारीक करून ती आत घेतली.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते मिळाले. गाभा कोणता आणि साल कोणती हे ओळखणे हीच या कामातली प्रतिभा आहे, आणि मूळ रचणाऱ्यालाही ती नेहमी असतेच असे नाही. पुष्कळदा आपल्या लिहिण्यात टाकाऊ काय आहे हे लेखकाला कळत नाही. ते संपादकाला कळते.

दुसरा प्रश्न अधिक अडचणीचा आहे. नाव तेच, वेष्टनावरचे चित्र तेच, आणि आतला माल उणा. ही फसवणूक नव्हे काय?

दुष्काळाच्या साली आमच्या खटाव-माणच्या घरांत फराळ व्हायचा राहत नाही. पण तो बेतानेच होतो. तूप कमी असले की गृहिणी बेसनाऐवजी रव्याचे लाडू करते, अनारशांचा नाद सोडते आणि शंकरपाळ्यांवर भर देते. कोणी तिला फसवी म्हणत नाही. का? कारण ती रव्याच्या लाडवाला रव्याचा लाडू म्हणूनच पानात वाढते. रवा लपवून ‘बेसनाचा घ्या’ म्हणाली असती, तर मात्र घास तोंडात जाताच तिचे पितळ उघडे पडले असते. उणे देण्यात पाप नाही. उणे आहे हे लपवण्यात आहे.

पोलंडमधल्या ‘सीडी प्रोजेक्ट रेड’ या नामांकित स्टुडिओला हा धडा जगासमोर शिकावा लागला. त्यांचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ डिसेंबर २०२० मध्ये निघाला. तो चांगल्या संगणकांवर उत्तम चाले. पण २०१३ सालच्या प्लेस्टेशन-४ सारख्या यंत्रांवर तो अडखळे, मध्येच बंद पडे, माणसांचे चेहरे वेळेवर उमटत नसत. आठवड्याभरातच सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला आणि गिऱ्हाइकांना पैसे परत देऊ केले. तो परत मांडला गेला तो २०२१ च्या जून महिन्यात. स्टुडिओने जाहीर क्षमा मागितली, आणि ती कशाबद्दल होती ते पाहण्यासारखे आहे. जुन्या यंत्रांवर खेळ कसा दिसतो हे विक्रीपूर्वी आम्ही दाखवले नाही, असा त्यांनी कबुलीजबाब दिला. आधी परीक्षणासाठी दिला गेला तोही संगणकावरचा खेळ. म्हणजे पाहुण्यांना बेसनाचे लाडू दाखवले आणि पंगतीत दुसरेच वाढले. गिऱ्हाईक चिडले ते चित्र अंधुक होते म्हणून जितके, त्याहून अधिक आपल्याला गृहीत धरले म्हणून.

याच्या उलट टोकाचेही उदाहरण आहे. फुटबॉलचा ‘फिफा’ हा खेळ दरवर्षी नवा निघे. काही जुन्या यंत्रांसाठी त्याची ‘लेगसी एडिशन’, म्हणजे वारसा आवृत्ती म्हणू या, काढण्यात येई. तिच्यात खेळाडूंची यादी आणि अंगातले सदरे तेवढे नव्या सालचे. बाकी खेळ मागचाच. कंपनी हे सांगून करी, लपवाछपवी नव्हती. तेव्हा फसवणुकीचा आरोप येथे टिकत नाही. तरीही मन प्रसन्न होत नाही. सांगून वाढले म्हणून शिळे अन्न ताजे होत नाही. प्रामाणिकपणा ही नीतीची पहिली पायरी आहे. तीच सगळा जिना आहे असे समजणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे.

मग या दुसऱ्या पायरीवर काय आहे? यावर मी पुष्कळ विचार केला, आणि मला एक भेद सापडला असे वाटते. उतरवणाऱ्याच्या मनात दोन वाक्ये असू शकतात. एक : ‘या यंत्राला एवढेच झेपेल.’ दुसरे : ‘या माणसाला एवढे पुरे.’ दोन्ही वाक्ये वरवर सारखी दिसतात, आणि दोहोंचा परिणामही वरवर सारखाच असतो. काहीतरी गाळले जाते. पण पहिले वाक्य यंत्राविषयी आहे आणि दुसरे माणसाविषयी. पहिले म्हणणारा यंत्राशी झगडतो, एकेक कण वाचवतो, कारण पलीकडे बसलेल्या मुलाचे डोळे, बोटे आणि बुद्धी नव्या यंत्रापुढच्या मुलाइतकीच तल्लख आहेत हे त्याला ठाऊक असते. दुसरे म्हणणारा झगडतच नाही. ज्याचे यंत्र जुने त्याची रसिकताही जुनी, ज्याचे घर लहान त्याची भूकही लहान, असे तो धरून चालतो. यंत्राचे दारिद्र्य तो माणसाच्या कपाळी लावतो. माझ्या मते या धंद्यातले, आणि केवळ याच धंद्यातले नव्हे, खरे पाप ते हेच.

शिक्षकाला हा भेद रोज भेटतो. आपल्या शाळांत पुस्तक एक असते आणि मुले चाळीस तऱ्हेची असतात. कोणाच्या घरी दिवा आहे, टेबल आहे, शिकवायला आई आहे. कोणी ऊसतोडीहून फेब्रुवारी-मार्चमध्ये परत आलेले असते. त्या मुलासाठी धडा सोपा करावा लागतो. सोपा करताना मास्तरच्या मनात कोणते वाक्य आहे, हे मुलाला फार लवकर कळते. ‘तुझे चार महिने गेलेत, तेव्हा आपण मुख्य ते आधी घेऊ’ हे एक. ‘तुला काय करायचंय एवढं शिकून’ हे दुसरे. पहिल्याने मूल पुढच्या बाकावर येते. दुसऱ्याने ते शाळेतून जाते.

२०२० साली करोनाच्या काळात शाळा बंद झाल्या, तेव्हा सगळ्या महाराष्ट्रात शिक्षकांना उतरवण्याचे हेच काम अंगावर घ्यावे लागले. वरून येत होते ते चित्रफितींचे धडे. आणि पुष्कळ घरांत फोन होता तो साधा बटणांचा, किंवा बापाबरोबर रानात गेलेला. मग काहींनी धडे आवाजात भरून पाठवले, काहींनी कागदावर लिहून घरोघर दिले. सोलापूरच्या नीलमनगर भागात तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले. तो यंत्रमाग कामगारांचा भाग. तिथे पाढे, व्याकरण, आकृत्या रस्त्यावरून दिसू लागल्या, आणि मुले एकमेकांपासून अंतर ठेवून त्या वाचू लागली. भिंत हे माणसाचे किती जुने यंत्र! तिला वीज लागत नाही, ‘रेंज’ लागत नाही. चित्रफितीतले हलणे-बोलणे तिच्यावर उतरणार नव्हते. पण पाढा उतरला. यंत्राला काय झेपेल ते त्या शिक्षकांनी पाहिले. मुलांना काय पुरे ते ठरवण्याचा उद्धटपणा त्यांनी केला नाही.

येथे कोणी म्हणेल, मास्तर, मागच्यांची एवढी कणव घेऊन बसलात तर पुढच्यांनी काय थांबून राहायचे? हा आक्षेप मला हसण्यावारी नेता येत नाही. जुन्या यंत्रावरही चालले पाहिजे अशी अट घातली, की नव्या यंत्रासाठी रचतानाही हात आखडतो. त्याच सायबरपंकचा पुढचा भाग सप्टेंबर २०२३ मध्ये निघाला तो फक्त संगणक आणि नव्या यंत्रांसाठी. जुन्यांना त्यांनी सोडले. आणि मला वाटते, त्यांनी बरोबर केले. पहिल्या वेळी त्यांनी जुन्यांना बरोबर घेतल्याचे नाटक केले होते. दुसऱ्या वेळी ‘येथून पुढे तुमचे यंत्र चालणार नाही’ असे आधी सांगून टाकले. हुशार मुलाचाही वर्गावर हक्क आहे. त्याला मागच्या बाकासाठी बांधून ठेवणे हाही अन्यायच होय. शिवाय कंपनी हे काही अन्नछत्र नाही. प्लेस्टेशन-२ ची १५ कोटींहून अधिक यंत्रे जगात विकली गेली होती, म्हणून त्याच्यासाठी तेरा वर्षे खेळ निघत राहिले. दोन-चार हजारच असती तर कोणी ढुंकून पाहिले नसते. यात भूतदयेपेक्षा हिशेब अधिक आहे, हे मान्य केलेच पाहिजे.

तरीही मी म्हणेन, की हेतू हिशेबाचा असला तरी कामात नीती असू शकते. शिंपी कापड शिवतो तो पैशासाठीच. पण मोठ्या भावाचा सदरा धाकट्याच्या मापाने कापताना तो खांद्याची शिवण जपतो की नुसत्या बाह्या छाटून देतो, यावरून त्याची पारख होते. मागे राहिलेल्यांचे आपण काय देणे लागतो, याचे माझे उत्तर म्हणून तीन गोष्टींत संपते. जे देऊ ते उणे असेल तर तसे सांगावे. जे देऊ त्यात गाभा जपण्याची शिकस्त करावी. आणि ज्या दिवशी देणे अशक्य होईल त्या दिवशी न सांगता निघून जाऊ नये. सगळ्यांना सगळे सारखे द्या, असे मी म्हणत नाही. ते होणे नाही. पण या तीन गोष्टींना पैसा थोडा आणि लाज थोडी जास्त लागते.

आपल्या महाराष्ट्राला तर हे सांगायलाच नको. शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत उतरवली. तेव्हाच्या पंडितांच्या लेखी मराठी हे जुनेपुराणे, कमी ताकदीचे यंत्रच होते. मोठा विचार पेलणे तिचे काम नव्हे, असेच ते म्हणत. ज्ञानेश्वरांनी काय केले? सातशे श्लोकांच्या नऊ हजार ओव्या केल्या! उतरवताना वस्तू लहान होते, हा सगळ्या जगाचा अनुभव. येथे ती मोठी झाली. मराठी बोलणाऱ्याला थोडे पुरे, असे त्यांच्या मनाला शिवले नाही. उलट त्याला दृष्टांत हवेत, त्याच्या शेतातले, त्याच्या चुलीवरचे हवेत, असे म्हणून त्यांनी भर घातली. जे भांडे लहान समजले जात होते ते वस्तुतः लहान नव्हतेच, हे त्यामुळे साऱ्यांना दिसले. उतरवणाऱ्याने माणसावर विश्वास ठेवला, तर कधीकधी असाही चमत्कार होतो.

आणि अलीकडचे उदाहरण तर या आठवड्यात आपल्या घरातच असेल. वडूजपासून जवळच औंध आहे. तिथल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची अस्सल तैलचित्रे पाहायला मिळतात. एके काळी अशी चित्रे राजेरजवाड्यांच्या भिंतींवरच असत. पण १८९४ साली रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या छापील देवदेवता झोपडीझोपडीत पोचल्या. तैलरंगाची खोली त्या कागदात नव्हती, छटा भडक झाल्या होत्या. जाणत्यांनी नाके मुरडली. पण कमळावर उभी असलेली ती लक्ष्मी तीच होती, आणि तिच्यापुढे निरांजन लावणाऱ्या बाईला आपली लक्ष्मी उणी आहे असे कधी वाटले नाही. आज लक्ष्मीपूजनाला आपण जो फोटो पाटावर मांडतो त्याची वंशावळ बहुधा त्या छापखान्यापर्यंत जाऊन पोचते.

या सुट्टीत घरी आलेल्या मुला-नातवंडांना मी एकच काम सांगेन. आजीकडे कोणाचा तरी उतरलेला जुना फोन असेल. त्यातली अक्षरे मोठी करून द्यावीत, नको ते काढून टाकावे, तिला लागणारी चार माणसे आणि तिचा हरिपाठ पहिल्या पानावर आणून ठेवावा. ते करताना ‘आजीला काय कळतंय’ असे मनात आले, तर हात तेवढ्यापुरता थांबवावा आणि तिलाच विचारावे, की आजी, तुला आणखी काय काय हवे आहे? उत्तर ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. तिची यादी त्यांच्या अंदाजापेक्षा बरीच मोठी निघेल.